मेणाखाली राखलेले रंग

कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातील व्हेग्रेव्हिल या लहानशा गावी एका उद्यानात ॲल्युमिनियमचे एक प्रचंड अंडे उभे आहे. उंची सुमारे ३१ फूट; वारा सुटला की ते त्याच्या दिशेने फिरू लागते. १९७५ साली उभारलेले हे शिल्प युक्रेनियन लोकांच्या ‘पिसांका’ या लोककलेचे प्रतीक होय. ईस्टरपूर्वी युक्रेनियन घरांतून अंड्यांवर वितळलेल्या मेणाने नक्षी रेखतात, मग ती फिकट रंगापासून गडद रंगापर्यंत एकेका रंगात बुडवतात. शेवटी मेणबत्तीच्या उष्णतेने मेण काढले की त्याखाली जपलेले रंग एकदम प्रकट होतात. ‘पिसांका’ या शब्दाचे मूळ ‘लिहिणे’ या क्रियापदात आहे.

मायदेशापासून इतक्या दूर हे अंडे का उभे राहिले, हा इतिहास आपल्यासारख्या मूळ प्रांताबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्यांनी जाणून घ्यावा असा आहे.

१८९१ साली गॅलिशियातील नेबिलिव्ह या खेड्यातील इव्हान पिलिपिव्ह आणि वासिल एलेन्याक हे दोन शेतकरी कॅनडात उतरले. त्यांच्यामागून हजारो कुटुंबे आली. दहा डॉलर शुल्कात १६० एकर जमीन मिळत होती. पण ती आधी नांगराखाली आणायची होती. या लोकांनी गवताळ मैदानावर मातीची घरे बांधली, घुमटांची चर्चे उभारली आणि लोकसभागृहे स्थापन केली. या सभागृहांतच वाचनालय असे, नाटके होत आणि गायनवर्ग चालत.

वाट मात्र सुखाची नव्हती. पहिल्या महायुद्धात, गॅलिशिया ऑस्ट्रियाच्या ताब्यात असल्यामुळे, हे स्थलांतरित ‘शत्रूचे प्रजाजन’ ठरले. १९१४ ते १९२० या काळात साडेआठ हजारांहून अधिक लोक कॅनडातील छावण्यांत डांबले गेले. त्यांतील बहुसंख्य युक्रेनियन होते. १९१६ साली मॅनिटोबा प्रांताने द्वैभाषिक शाळांचा कायदाच रद्द केला. शाळेतून भाषा गेली. तेव्हा संध्याकाळी आणि शनिवारी सभागृहात मुले जमवून ती शिकवण्याचे काम समाजाने अंगावर घेतले.

मायदेशी तर याहून बिकट अवस्था होती. १८७६ साली रशियाच्या झारने युक्रेनियन पुस्तकांच्या छपाईवर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली होती. पुढे सोव्हिएत राजवटीत १९३२-३३ च्या कृत्रिम दुष्काळात लक्षावधी शेतकरी अन्नावाचून मेले आणि त्या दशकात कित्येक लेखक-विद्वानांना ठार करण्यात आले. दुष्काळाचा उच्चारही तेथे निषिद्ध होता. त्या मृतांचे स्मारक १९८३ साली उभे राहिले ते कॅनडातील एडमंटन शहरात. मायदेशात ज्यांच्यासाठी उघडपणे अश्रू ढाळता येत नव्हते, त्यांचे श्राद्ध जणू परमुलुखात झाले.

स्मृतीला विद्येचा आधार हवा, हेही या समाजाने ओळखले. १९५७ साली अमेरिकेतील युक्रेनियन विद्यार्थ्यांनी विद्यापीठीय अध्यासनासाठी निधी सुरू केला. सामान्य कुटुंबांनी वर्गणी दिली आणि १९७३ साली हार्वर्ड विद्यापीठात युक्रेनियन संशोधनसंस्था स्थापन झाली. पॅरिसजवळील सार्सेल येथे व्होलोदिमिर कुबियोव्हिच यांच्या संपादनाखाली ज्ञानकोश तयार झाला. स्वातंत्र्यानंतर, १९९३ पासून, तोच ज्ञानकोश युक्रेनमधील लव्हिव शहरी पुन्हा छापला जाऊ लागला. परदेशी राखलेली ठेव घरी परतली.

काही ठेवी मात्र परक्या नावाने जगभर फिरत राहतात. नाताळात सर्वत्र गायिले जाणारे ‘कॅरोल ऑफ द बेल्स’ हे मुळात मिकोला लेओन्तोविच यांनी बांधलेले ‘श्चेद्रिक’ हे युक्रेनियन नववर्षगीत होय. त्यात घंटा नाहीत. घरी सुवार्ता घेऊन येणारी पाकोळी आहे. १९२१ साली सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या हस्तकाने लेओन्तोविच यांची हत्या केली. पुढच्याच वर्षी, ओलेक्सांद्र कोशित्स यांच्या गायकवृंदाने ते गीत न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये सादर केले. १९३६ साली त्याला इंग्रजी शब्द लाभले आणि मूळ हळूहळू विसरले गेले. अशी नावे परत मिळवणे हाही वारसा जपण्याचाच भाग आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीने २०२२ साली चित्रकार देगा याच्या ‘रशियन नर्तकी’ या चित्राचे नाव ‘युक्रेनियन नर्तकी’ असे केले, ते अशाच आग्रहामुळे.

त्याच वर्षी मे महिन्यात खार्किव प्रांतातील तत्त्वचिंतक स्कोवोरोदा यांचे स्मृतिसंग्रहालय रशियन क्षेपणास्त्राने उद्ध्वस्त झाले. वारसा एकाच घरी ठेवणे किती धोक्याचे, हे यावरून कळावे. २०२४ साली युनेस्कोने पिसांका-कला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. तो प्रस्ताव युक्रेनबरोबर एस्टोनियानेही मांडला होता, कारण तेथील युक्रेनियन रहिवासीही ती कला जोपासतात.

तरीही एक प्रश्न उरतोच. कॅनडात युक्रेनियन वंशाचे साडेबारा लाखांवर लोक आहेत. नृत्य, पक्वान्ने आणि रंगवलेली अंडी यांचा उत्साह मोठा आहे. घरात युक्रेनियन बोलणारे मात्र त्यांत फार थोडे. आल्बर्टाने १९७१ साली कायदा बदलला आणि १९७४ मध्ये एडमंटनला युक्रेनियन-इंग्रजी वर्ग सुरू झाले, ते याच चिंतेतून. सण वर्षातून एकदा येतो. भाषा रोजच्या जेवणाच्या पंगतीत बोलावी लागते. आपल्या मंडळांतही गणेशोत्सवाला गर्दी होते आणि वाचनालयाची कपाटे बंद राहतात, असे कोठे घडत असेल, तर या लोकांच्या शनिवारच्या शाळेचे आपण अवश्य स्मरण करावे.