जाता जाता केलेली कामे

एका घराण्याचा कुलवृत्तांत लिहून देण्याचे काम मी काही वर्षांपूर्वी घेतले होते. ठरले होते ते इतकेच : घराण्यातल्या मंडळींनी जमवलेली माहिती वाचायची, शाखावार लावायची आणि अडीचशे पानांचा मजकूर लिहून द्यायचा. मोबदला साठ हजार रुपये, मुदत आठ महिने. मजकूर वेळेत झाला. मग संपादक मंडळाचे प्रमुख, एक निवृत्त अभियंता, मला म्हणाले, "तुम्ही आता घरचेच झालात. तेवढी प्रुफं जाता जाता बघून टाका." प्रुफांपाठोपाठ मोडीतले अकरा कागद आले. मग चार वृद्धांच्या मुलाखतींचे ध्वनिमुद्रण. मग छायाचित्रांखालच्या ओळी, शेवटची नामसूची, आयएसबीएनचा अर्ज आणि छापखान्याच्या फेऱ्या. हे सगळे जाता जाता करण्यात आणखी अकरा महिने गेले. पुस्तक थाटात प्रकाशित झाले. आभाराच्या पानावर मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकांचे नाव होते, माझे नव्हते.

काही दिवस राग त्या घराण्यावर होता. पुढे वहीत तासांचा हिशेब मांडला, तेव्हा दोष माझाही आहे हे कळले. त्या मंडळींनी मला फसवले नव्हते. ही वेगवेगळी कामे आहेत, प्रत्येकाला वेगळे कसब लागते आणि वेगळा वेळ लागतो, हे त्यांना ठाऊकच नव्हते. कारण मी ते कधी सांगितले नव्हते. मराठीत केवळ लेखनावर पोट भरत नाही, ही तक्रार आपण नेहमी करतो. परंतु लेखनाभोवतीच्या ज्या कामांना खरोखर मागणी आहे, ती आपण नाव न देता, दर न सांगता, भिडेखातर करून टाकतो. ही कामे कोणती, त्यांत नेमके काय करावे लागते आणि त्यांचा मोबदला कसा ठरवावा, हे या लेखात मांडतो आहे. मी यासाठी कोणताही अभ्यासक्रम केलेला नाही. जे कळले ते कामे करताना आणि चुकताना कळले.

लेखक म्हणजे कोण?

ही कामे कमी प्रतीची, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. 'खरा' लेखक कथा-कादंबरी लिहितो, बाकीचे लिहिणे म्हणजे कारकुनी. भाषेचा इतिहास मात्र निराळे सांगतो. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ज्या सच्चिदानंदबाबांचा 'लेखक' म्हणून उल्लेख येतो, ते ज्ञानदेवांचे बोल उतरवून घेणारे होते. म्हणजे बोलणारा एक आणि लेखक दुसरा. पुढे चिटणीस, फडणीस, कारकून यांच्या लेखणीवर राज्ये चालली, आणि अगदी अलीकडेपर्यंत कचेरीबाहेर अर्जनवीस पैसे घेऊन लोकांची गाऱ्हाणी कागदावर आणत असत. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या कोणी टिपून ठेवल्या नसत्या, तर १९५२ साली निघालेला त्यांचा संग्रह निघालाच नसता. दुसऱ्याचे कागदावर आणणे हे लेखनाइतकेच जुने काम आहे.

बोललेले कागदावर

पहिले काम शब्दांकनाचे. आत्मचरित्र, संस्थेचा इतिहास, गौरवग्रंथ, आजोबांच्या आठवणी, सगळीकडे त्याची गरज असते. यात तीन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि ग्राहकाला ती एकच वाटते. ध्वनिमुद्रण जसेच्या तसे उतरवणे ही पहिली. एका तासाच्या बोलण्याचे साधारण सहा-सात हजार शब्द होतात. माझ्या हाताला त्यासाठी पाच-सहा तास लागतात. पुनरुक्ती काढून, काळाचा क्रम लावून वाचनीय मजकूर करणे ही दुसरी. आणि सांगितलेल्या सनावळ्या, गावे, नाती कागदपत्रांशी ताडून पाहणे ही तिसरी. आवाज ऐकून अक्षरे उमटवणारी साधने आता आली आहेत. ती पहिल्या पायरीचा वेळ वाचवतात; पण गावांची नावे, आडनावे आणि बोलीतले शब्द यांत ती हटकून चुकतात, आणि कुलवृत्तांतात तर तेच महत्त्वाचे असते. म्हणून मी दर सांगताना तिन्ही पायऱ्या वेगळ्या लिहितो.

मुद्रितशोधन, संपादन आणि फाँट

मुद्रितशोधन म्हणजे जुळवलेल्या पानांतल्या चुका दाखवणे. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, असे शुद्धलेखनाचे अठरा नियम त्याचा पाया आहेत. संपादन म्हणजे वाक्य, परिच्छेद, मांडणी आणि मजकुराचा खरेखोटेपणा यांत हात घालणे. पहिल्याचा दर सोळा पानांच्या फॉर्मवर सांगावा, कितवे प्रूफ तेही लिहावे. दुसऱ्याचा दर मजकुराची चार-पाच पाने आधी तपासून मगच सांगावा. आणि आपणच लिहिलेल्या मजकुराची प्रुफे शक्यतो आपण वाचू नयेत. आपला डोळा छापलेले वाचत नाही, मनातले वाचतो. मी ती फुकट वाचली आणि एका शाखेच्या मूळ पुरुषाचे जन्मसाल मृत्युसालाच्या नंतरचे छापले गेले.

याला जोडून एक काम गेल्या काही वर्षांत वाढले आहे : जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणे. श्रीलिपी किंवा तत्सम फाँटमध्ये जुळवलेली वीस वर्षांपूर्वीची फाइल आज तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली, तर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा नुसता पसारा दिसतो. रूपांतर करणारी साधने आहेत, पण गोम आत आहे. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाई. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रूपांतरात तिथे घोटाळा झाला की वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. 'दुसऱ्या'तला ऱ्य, रफार आणि जोडाक्षरेही अशीच बिघडतात. म्हणजे रूपांतर एका मिनिटात होते आणि तपासणी आठवडाभर चालते. ग्राहकाला मिनिट दिसते. आपण आठवड्याचे पैसे सांगायचे असतात.

मोडीचे कागद

महाराष्ट्रात घरोघरी मोडी कागद पडून आहेत : खरेदीखते, वाटणीपत्रे, वतनाच्या सनदा. २०२३ साली मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी किती मागणी आली ते सर्वांनी पाहिले. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्ग आणि परीक्षा होतात, त्यामुळे हे कसब कोणालाही मिळवता येते. मात्र लिपी येणे आणि कागद वाचता येणे यांत अंतर आहे. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून तिला अक्षरे लोंबवतात. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा नसतो. शिवाय कालगणना शुहूर सनात असली, तर अरबी संख्यावाचक शब्द ओळखून त्यात महिना पाहून ५९९ किंवा ६०० मिळवल्यावर इसवी सन निघतो. म्हणून लिप्यंतर, आजच्या मराठीतला अर्थ आणि तारखेचा मेळ ही तीन कामे धरावीत. न लागलेला शब्द अंदाजाने भरू नये. तिथे कंस सोडावा. जमिनीच्या वादात असा एक शब्द कोणाचे तरी शेत घालवू शकतो.

सूची : सर्वांत उपेक्षित काम

शंकर गणेश दाते यांनी १८०० पासूनच्या मराठी ग्रंथांची सूची करून ठेवली, म्हणून आज आपल्याला जुने पुस्तक शोधता येते. इतका मोठा वारसा असूनही मराठी पुस्तकाच्या शेवटी नामसूची सापडली तर नवल वाटते. सूची म्हणजे संगणकाने नावे वर्णक्रमाने लावणे नव्हे. क्ष आणि ज्ञ हे ह नंतर घ्यायचे की क आणि ज खाली, हे आधी ठरवावे लागते. एकाच माणसाला मजकुरात कुठे 'तात्या', कुठे 'गोविंदराव' म्हटलेले असते. तो एकच आहे हे मजकूर समजून घेणाऱ्यालाच कळते.

कुलवृत्तांतात आणखी एक पेच असतो. सगळ्यांचे आडनाव एकच, म्हणून आडनावावर सूची करून उपयोग नाही. ती पहिल्या नावावर करावी लागते. आणि बायकांचे काय? लग्नानंतर आडनाव बदलते, पूर्वी तर नावही बदलत असे. सासरच्या नावाने एकच नोंद केली, तर या घराण्याची लेक या पुस्तकात सापडत नाही. माहेरच्या नावाने केली, तर सून सापडत नाही. मी दोन्ही नोंदी करून एकीवरून दुसरीकडे निर्देश देतो. त्याने सूची जवळपास दीडपट होते. त्या पहिल्या कुलवृत्तांताच्या प्रकाशनानंतर मला एकच दूरध्वनी आला, तो एका बाईंचा. त्यांच्या आजीचे माहेरचे नाव घरात कोणालाच आठवत नव्हते. ते त्यांना सूचीत सापडले होते. अकरा महिन्यांतल्या ज्या कामाचा मला एक रुपया मिळाला नव्हता, त्यातलेच ते एक.

पुस्तक काढून देणे

हौसेने पुस्तक काढणाऱ्याला छापखान्यापर्यंत सोबत हवी असते. कागदाचा आकार आणि वजन, बांधणी, मुखपृष्ठ, दरपत्रके यांची माहिती त्याला नसते. आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी पैसे घेत असलात तर ते अर्ज भरण्याचे आहेत, क्रमांकाचे नव्हेत, हे स्पष्ट सांगावे. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नेमून दिलेली ग्रंथालये यांना पुस्तकाची प्रत पाठवायची असते. खासगी कुलवृत्तांतांच्या प्रती बहुधा कुठेच जात नाहीत आणि पन्नास वर्षांनी त्या घराण्यालाच प्रत मिळत नाही. हे काम थोड्या पैशांत होते; ते आवर्जून सुचवावे.

नाव आणि हक्क

स्वामित्वहक्काचा १९५७ चा कायदा मुक्त लेखकाला वाटतो त्यापेक्षा अनुकूल आहे. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. स्वतंत्रपणे लिहून देणाऱ्याकडे तो मुळात लेखकाचाच असतो. पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचे तसे नाही. तिथे पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा. मजकुराचा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. हक्क दिल्यावरही कर्तेपण सांगण्याचा लेखकाचा अधिकार कलम ५७ प्रमाणे शिल्लक राहतो. तरी नाव कुठे आणि कसे छापायचे, 'शब्दांकन', 'संपादन' की 'सूची', हे आधीच लिहून घ्यावे. पुस्तक निघाल्यावर कायदा दाखवण्यापेक्षा कामाआधी एक ओळ लिहिणे सोपे.

जे विकायचे नाही

सेवा वाढवाव्यात याचा अर्थ सगळे विकावे असा नाही. पदवीसाठीचा प्रबंध दुसऱ्याच्या नावाने लिहून देणे, पुस्तकाच्या धन्याकडून पैसे घेऊन परीक्षण लिहिणे, ही मागणी सतत येते आणि मोबदलाही बरा असतो. शब्दांकनात बोलणाऱ्याचा अनुभव खरा असतो; तिथे आपण हात देतो. प्रबंधात न केलेला अभ्यास केल्याचे दाखवतो. ही रेषा मला पुरेशी स्पष्ट वाटते.

दुसऱ्या एका घराण्याचे काम आले, तेव्हा मात्र रेषा इतकी सरळ नव्हती. या वेळी मी आधीच अंदाजपत्रक दिले : मजकूर पानावर, शब्दांकन तासावर, मोडी कागदावर, मुद्रितशोधन फॉर्मवर, सूची नोंदींवर, प्रकाशनाची कामे एकरकमी. त्यांनी ते शांतपणे वाचले. प्रुफे त्यांची एक शिक्षिका भाची पाहणार होती, ती ओळ त्यांनी खोडली. बाकी मान्य केले. कोणालाही वाईट वाटले नाही. वर्षानुवर्षे मी ज्या संकोचाने गप्प बसलो, तो बहुतांशी माझ्याच मनातला होता.

काम निम्मे झाल्यावर एक ज्येष्ठ सदस्य घरी आले. जातीबाहेर लग्न केलेल्या एका मुलीची नोंद वंशावळीतून काढावी, असे त्यांचे म्हणणे होते. "त्याचे काय ते वेगळे लावा," असेही म्हणाले. मी म्हटले, "दादा, ही ओळ अंदाजपत्रकात नाही आणि घालताही येणार नाही." ते बराच वेळ बसले, चहा घेतला आणि गेले. नोंद राहिली. काम गेले असते तर तीन महिन्यांची मिळकत गेली असती. पण ते सोसण्याची ऐपत मला त्या अंदाजपत्रकानेच दिली होती. फुकट कामांत बुडालेला माणूस कोणालाच नाही म्हणू शकत नाही.

ते पुस्तक गेल्या वर्षी निघाले. सूचीत ती मुलगी दोन्ही नावांनी आहे.