नवा टॅबलेट घ्यावा की न घ्यावा?



हल्ली वर्षाकाठी एक-दोन तरी नव्या टॅबलेटची घोषणा होते. कुणीतरी पाटीसारखी चपटी वस्तू हातात उंच धरून उभा राहतो, टाळ्या पडतात, आणि दुसऱ्या दिवशी नातवंडं विचारतात, "सफ्ता, हा घेऊ या का?" मोअदोनमध्ये चहाच्या वेळीही हाच विषय. कुणी म्हणतं, घ्या, वेळ चांगला जातो. कुणी म्हणतं, डोळे जातील.

आम्ही जन्मभर नर्सचं काम केलं, त्यामुळे टॅबलेट म्हटलं की आधी गोळीच आठवते. गोळी चांगली की वाईट, असं आम्हाला कधी शिकवलं नाही. ती कुणाला द्यायची, त्याला आधीचे काय आजार आहेत, कशाबरोबर द्यायची नाही, हे शिकवलं. या काचेच्या पाटीकडेही आम्ही तसंच बघतो. एकच टॅबलेट एका घरात गुणाचा आणि दुसऱ्या घरात निरुपयोगी कसा ठरतो, हे आम्ही एका मैत्रिणीच्या घरच्या प्रकारातून शिकलो. गोष्ट सौदी अरेबियातल्या जेद्दा शहराची आहे. ते शहर आम्ही पाहिलेलं नाही. आपल्या पासपोर्टवर तिथे जायचा प्रश्नच नव्हता.

ही मैत्रीण आमच्याबरोबर मुंबईत नर्सिंग शिकली. ती श्रीवर्धनकडची कोकणी मुसलमान, आमचेही वाडवडील त्याच जिल्ह्यातले. तेव्हा त्याला कुलाबा जिल्हा म्हणत, आता रायगड. दोघींच्या घरी कालवणात नारळ, दोघींच्या बोलण्यात तेच कोकणी हेल. शिक्षण झाल्यावर आम्ही इकडे आलो. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, सौदीत नवी नवी हॉस्पिटलं उभी राहिली, तशी ती तिकडे गेली. बरीच वर्षं नोकरी करून ती गावी परतली, मुलगा मात्र जेद्दालाच राहिला. आम्हा दोघींची पत्रं चालू होती, पुढे फोन आले.

२०११ साली या मुलाला मुलगी झाली. आजी गावात, नात जेद्दाला. आजीला मधुमेह, आणि त्याने डोळ्यांचा आतला पडदा खराब होत चाललेला. डॉक्टरांनी लेसर केलं होतं, पण पुढे किती दिसेल हे कुणी सांगू शकत नव्हतं. आमची मैत्रीण स्वतः नर्स, तिला सगळं कळत होतं. ती फोनवर एवढंच म्हणाली, "अगो, पोरीचं तोंड नीट बघू दे, मग दिसलं नाही तरी चालेल."

त्याच वर्षी, २ मार्च २०११ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये आयपॅड २ या टॅबलेटची घोषणा झाली. ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्ज तेव्हा आजारपणाच्या रजेवर होते, तरी त्या दिवशी मंचावर आले. पहिला आयपॅड आदल्या वर्षी, जानेवारी २०१० मध्ये जाहीर झाला होता, पण त्याला कॅमेरा नव्हता. या दुसऱ्याला पुढे आणि मागे असे दोन कॅमेरे होते. जाडी साडेतेरा मिलिमीटरच्या जवळपास होती ती ८.८ वर आली. पडदा ९.७ इंचांचा. बॅटरी एकदा भरली की दहा तास चालेल असं कंपनी सांगत होती. अमेरिकेत किंमत ४९९ डॉलरपासून पुढे. २९ एप्रिलला तो भारतात आला आणि त्याच दिवशी आपल्या इस्रायलमध्येही. भारतात सर्वांत स्वस्त संच २९,५०० रुपयांना होता.

मुलाने आम्हाला विचारलं, "मावशी, अम्मीसाठी घेऊ का?" तेव्हा आम्ही कागद घेऊन बसलो.

जमेच्या बाजूला पहिली गोष्ट पडद्याचा आकार. मोबाईलवरचं तोंड सुपारीएवढं दिसतं, इथे ते खऱ्या चेहऱ्याच्या जवळपास दिसणार. दुसरी, अक्षर दोन बोटांनी ओढून मोठं करता येतं. आमच्या वॉर्डात मोतीबिंदूचे पेशंट वर्तमानपत्र नाकाला लावून वाचत, त्यांना हे मिळालं असतं तर! तिसरी, माउस नको, कीबोर्ड नको. बोट लावलं की चालतं. आणि सर्वांत मोठी म्हणजे फेसटाइम, समोरासमोर बघून बोलायची सोय. दोन्ही टोकांना ॲपलचंच यंत्र हवं आणि घरात वाय-फाय हवा, एवढ्याच अटी.

नावेच्या बाजूलाही पुष्कळ होतं. वजन सहाशे ग्रॅम, म्हणजे अर्ध्या लिटरच्या सलाईनच्या बाटलीपेक्षा जड. संधिवाताच्या मनगटाने ते दहा मिनिटंसुद्धा धरवत नाही, स्टँड पाहिजेच. आवाज एकाच स्पीकरमधून यायचा, तोही पाठीमागून, आणि धरणाऱ्याचा हात नेमका त्याच्यावर. यूएसबीचं भोक नाही, मेमरी कार्डाची जागा नाही. म्हातारपणी बोटांची कातडी कोरडी होते, आणि ही काच कातडीतल्या विजेच्या अंशावर चालते, त्यामुळे कोरडं बोट तिला कधी कधी कळतच नाही. (हाताला थोडं क्रीम लावून पुसून घेतलं की बरं चालतं. हा उपाय आमचा स्वतःचा आहे, कंपनीचा नव्हे.) मराठीत लिहायची सोय तेव्हा नव्हती. मराठीचा वेगळा कळफलक ॲपलच्या यंत्रांवर २०१४ साली, आयओएस ८ बरोबर आला.

एवढं मांडूनही जमेची बाजू जड होती. तेव्हा ठरलं की मुलाने जेद्दालाच दोन संच घ्यावे, एक स्वतःच्या घरी ठेवावा, एक सुट्टीत येताना आईला आणावा.

आणि मग त्याच्या कचेरीतल्या लोकांनी त्याला सांगितलं की सौदीत विकल्या जाणाऱ्या संचात फेसटाइम नसतं. खरोखरच नव्हतं. तोच टॅबलेट, तेच दोन कॅमेरे, तोच मोठा पडदा, पण सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातीसाठीच्या संचांतून ही एक सोय काढलेली होती. जाहिरातीखाली बारीक अक्षरांत असायचं की फेसटाइम सगळ्या देशांत मिळेलच असं नाही. म्हणजे आम्ही जमेच्या बाजूला जे सर्वांत वर लिहिलं होतं, तेच तिथल्या दुकानात मिळत नव्हतं.

मुलांनो, तुम्ही विचाराल की असं का? सौदीमध्ये इंटरनेटवरून फोन करण्यावर तेव्हा बंधनं होती. परदेशी कॉल म्हणजे टेलिफोन कंपन्यांचं मोठं उत्पन्न, आणि शिवाय कोण कुणाशी काय बोलतं यावर सरकारला नजर हवी, ही दोन्ही कारणं त्या वेळी बोलली जात. ऑगस्ट २०१० मध्ये ब्लॅकबेरी फोनवरच्या निरोपांवरून तिथल्या दळणवळण आयोगाने सेवा बंद करण्याचा इशारा दिला होता. जून २०१३ मध्ये व्हायबर बंद केलं. तिथे राहणाऱ्या लाखो भारतीय कामगारांच्या घरी, केरळपासून रत्नागिरीपर्यंत, याचा थेट परिणाम होत होता.

फक्त तिकडेच असं होतं असं समजू नका. एप्रिल २०१० मध्ये आपल्या दळणवळण मंत्रालयाने पहिल्या आयपॅडची आयात थांबवली होती. अमेरिकेहून येणाऱ्या लोकांचे संच बेन गुरियन विमानतळावर जकातवाल्यांनी ठेवून घेतले. त्याच्या वाय-फायची ताकद इथल्या नियमात बसत नाही, असं कारण दिलं गेलं. महिनाअखेर बंदी उठली. आपल्याला काही दिवस थांबावं लागलं, जेद्दावाल्यांना काही वर्षं.

आता पुन्हा कागद काढावा लागला. जेद्दाला घ्यावा तर चेहरा दिसणार नाही. मुंबईत घ्यावा तर २९,५०० रुपयांचे दोन संच, शिवाय बिघडला तर जेद्दाला भारतातल्या संचाची दुरुस्ती कोण करणार? आणि घाई होती ती डोळ्यांची. आमचं मत आम्ही स्पष्ट कळवलं: "बाळा, मुंबईतच घे, पण दोन्ही तिथूनच घे. एक तिकडचा आणि एक इकडचा असं नको." मैत्रिणीला पैशाचं वाईट वाटत होतं. तिचं म्हणणं, एवढ्या पैशात विमानाचं तिकीट येईल. तेही खरं होतं. पण विमानाने एकदा भेट झाली असती आणि नंतर परत तोच फोन.

सुट्टीत आल्यावर मुलाने दोन्ही संच मुंबईत घेतले, एक गावी मांडून दिला आणि एक घेऊन गेला. रात्री जेवणानंतर, गावची लाईन बरी असली की, बाळ दिसायचं. पहिले काही दिवस तिकडच्यांना आजीची नुसती हनुवटी आणि घराचे वासे दिसत, कारण आजी संच मांडीवर आडवा ठेवायची. शेजारच्या पोराने लाकडी रेहल आणून दिला, ग्रंथ वाचायला ठेवतात तसला, आणि त्यावर तो छान उभा राहिला. पोरगी रांगताना, दात आल्यावर, पहिलं पाऊल टाकताना आजीने बघितली. साधारण तीन वर्षं चेहरा बऱ्यापैकी दिसत होता. पुढे कडा दिसेनाशा झाल्या, मग नुसता उजेड आणि आवाज. पोरगी तेव्हा बोलायला लागलेली होती. "दादी, बघ" म्हणून चित्र कॅमेऱ्यासमोर धरायची, आणि दादी म्हणायची, "सांग बघू काय काढलंस." हे आम्हाला मैत्रिणीनेच सांगितलं, हसत हसत.

पुढचा भाग नवा टॅबलेट घेणाऱ्यांसाठी महत्त्वाचा. सप्टेंबर २०१७ मध्ये सौदीने इंटरनेटवरच्या कॉलची बंदी उठवली. सगळी ॲप एकदम सुरू झाली नाहीत, व्हॉट्सॲपवरचे कॉल त्यानंतरही अडलेले होते. फेसटाइम तिथे आयओएस ११.३ पासून, म्हणजे मार्च २०१८ पासून मिळू लागलं. पण आयपॅड २ हा आयओएस ९ वरच थांबलेला. म्हणजे ज्यांनी २०११ मध्ये जेद्दाच्या दुकानातून तो घेतला, त्यांच्यासाठी दार उघडलं तेव्हा त्यांचं यंत्र त्या दारातून जाण्याइतकं नवं राहिलं नव्हतं. काच शाबूत, बॅटरी चालू, तरी उपयोग नाही. म्हणून दुकानदाराला आम्ही नेहमी एक प्रश्न विचारायला सांगतो: याला किती वर्षं नवीन आवृत्त्या मिळणार? स्वस्तात जुना संच विकत घेताना तर हा प्रश्न आधी विचारा.

उन्हाचंही सांगायला हवं, कारण दिमोना आणि बेअर शेवाच्या वाचकांना ते लागू आहे. हे यंत्र ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायचं आणि ४५ च्या वर ठेवायचंही नाही, असं कंपनीच सांगते. जेद्दाचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, आणि बंद मोटारीच्या आत त्याहून किती तरी जास्त. मोटारीत पाण्याची बाटली ठेवता तसा टॅबलेट ठेवू नका.

शेवटी लोहचुंबकाचं. आयपॅड २ बरोबर एक झाकण निघालं होतं, ते चुंबकाने चिकटतं. पुढच्या बऱ्याच टॅबलेटांच्या झाकणांतही चुंबक असतं. मे २०१३ मध्ये अमेरिकेत डेनव्हर येथे हृदयाच्या ठोक्यांवर काम करणाऱ्या डॉक्टरांची परिषद भरली. तिथे कॅलिफोर्नियातल्या १४ वर्षांच्या एका शाळकरी मुलीने आपला प्रयोग मांडला. बालदोस्तांनो, वय लक्षात घ्या! छातीत धक्का देणारं यंत्र बसवलेल्या २६ लोकांच्या छातीवर तिने आयपॅड २ ठेवून पाहिला. सुमारे तीस टक्के लोकांच्या यंत्रावर चुंबकाचा परिणाम झाला. अशा वेळी ते यंत्र ठोके बिघडले तरी धक्का द्यायचं थांबू शकतं. टॅबलेट दूर केला की बहुधा पुन्हा नीट चालू लागतं, पण झोपलेल्या माणसाला ते कळणार कसं?

आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाचता वाचता टॅबलेट छातीवर ठेवून डुलकी काढायची सवय आहे. ज्यांना पेसमेकर किंवा धक्क्याचं यंत्र बसवलं आहे, त्यांनी टॅबलेट आणि त्याचं झाकण छातीपासून किमान १५ सेंटिमीटर लांब ठेवावं, आणि पुढच्या भेटीत कुपत खोलीमच्या डॉक्टरांना आपल्या यंत्राचं कार्ड दाखवून विचारून घ्यावं. मुलांनो, आजोबा झोपलेले दिसले आणि टॅबलेट छातीवर असला, तर हळूच उचलून बाजूच्या टेबलावर ठेवा. त्यांना उठवायची गरज नाही.