नाट्यपदाचे पात्रांतर

कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या पाचव्या अंकाच्या आरंभी पडद्याआडून एक गीत ऐकू येते. गाणारी हंसपदिका ही दुष्यंताच्या अंतःपुरातील एक उपेक्षित स्त्री आहे. आम्रमंजरीचा आस्वाद घेऊन आता कमळात रमलेल्या भ्रमराला ती तिचा विसर कसा पडला असे विचारते. राजा तो टोमणा ओळखतो, विदूषकाला तिच्या समजुतीसाठी धाडतो, आणि प्रसंग संपतो. पण राजाचे मन अकारण व्याकुळ होते. कोणाची आठवण येत आहे हे त्याला कळत नाही. प्रेक्षकाला मात्र कळते. शापामुळे विसरली गेलेली शकुंतला त्याच वेळी राजद्वाराकडे येत आहे. गीत गाते एक स्त्री, ते लागू पडते दुसरीला. आणि या दोहोंचा संबंध गाणारीलाही ठाऊक नाही, ऐकणाऱ्या राजालाही नाही. तो संबंध प्रेक्षकाच्या मनात जुळतो.

एका पात्रासाठी रचलेले गीत दुसऱ्या पात्राशी जोडण्याच्या या व्यापाराला प्रस्तुत लेखात ‘पात्रांतर’ असे म्हटले आहे. हंसपदिकेचे गीत निदान त्याच नाटकातील दुसऱ्या पात्राकडे जाते. मराठी संगीत नाटकाच्या रसिकाला याहून लांबचा प्रवास परिचित आहे. एका नाटकातील पद ऐकताना त्याला निराळ्याच नाटकातील किंवा कादंबरीतील व्यक्ती आठवते, आणि ‘हे पद खरे म्हणजे तिचेच’ असे तो म्हणून जातो. असे म्हणणे हा केवळ हौशी रसिकाचा छंद आहे, की त्यातून पदाविषयी व पात्राविषयी काही ज्ञान मिळते, हा प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे.

चालीचा पूर्वाश्रम

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, नाट्यपद जन्मतःच एका पात्रांतरातून आलेले असते. संगीत नाटकांच्या छापील संहितेत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून एखाद्या पूर्वीच्या गीताचा निर्देश असे. वाचकाने नवे शब्द त्या ओळखीच्या सुरावटीवर म्हणावेत, अशी अपेक्षा असे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ (१८८०) व ‘सौभद्र’ (१८८२) या नाटकांत साकी, दिंडी, लावणी, स्त्रीगीते अशा घरोघरी व कीर्तनात रुळलेल्या चाली घेतल्या. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी पारशी रंगभूमीवरील चालींचा स्वीकार केला. ‘मानापमान’ (१९११) या नाटकासाठी गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडील ठुमरी, गझल इत्यादी प्रकारांचा आधार घेतला, तर ‘स्वयंवर’ (१९१६) या नाटकात भास्करबुवा बखल्यांनी ख्यालातील चिजा रुक्मिणीच्या मुखी दिल्या.

यातील शेवटच्या दोन उदाहरणांचा विचार विशेष उद्बोधक आहे. ठुमरीतील नायिका ही कोणा एका कथेतील व्यक्ती नव्हे. ती रुसते, वाट पाहते, लटका राग धरते. पण तिला नाव नाही, गाव नाही. ‘मानापमाना’तील श्रीमंत व मानी भामिनी जेव्हा वनमाला बनून धैर्यधराच्या छावणीत येते, तेव्हा या अनाम नायिकेला नाव व प्रसंग लाभतो. म्हणजे आज जे पद ‘भामिनीचे’ म्हणून ओळखले जाते, त्याची सुरावट पूर्वी दुसऱ्या कोणाची तरी होती. हेच पद उद्या तिसऱ्या पात्राशी जोडले गेले, तर पदाच्या मूळ प्रकृतीशी विसंगत असे काही घडत नाही. हरिदासी कीर्तनात आख्यान रंगविताना नाटकातील चाली वापरल्या गेल्या, तेव्हा कीर्तनातून नाटकाकडे गेलेला प्रवाहच उलट दिशेने वाहू लागला, इतकेच.

साधारणीकरण आणि औचित्य

चाल स्थलांतरक्षम असली तरी शब्दांचे काय? पदात विशेषनाम असेल, कथेतील विशिष्ट घटनेचा उल्लेख असेल, तर ते त्या कथेला खिळलेले राहते. याउलट ज्या पदात केवळ मनःस्थिती आहे, आणि ते पद ‘सखी’, ‘नाथ’ अशा सर्वसामान्य संबोधनाने बांधलेले आहे, ते सहज सुटे होते. भट्टनायकाने सांगितलेल्या साधारणीकरणाच्या सिद्धान्ताचा येथे उपयोग होतो. रसास्वादाच्या वेळी भाव हा अमुक व्यक्तीचा राहत नाही; स्थळ, काळ व व्यक्ती यांची बंधने गळून तो सर्वांचा होतो. भाव सर्वांचा झाला म्हणूनच तो पुन्हा दुसऱ्या कोणाचा होऊ शकतो.

परंतु एवढ्यावर थांबल्यास कोणतेही करुण पद कोणत्याही दुःखी पात्राला शोभते, असा निष्कर्ष निघेल, आणि तो अनुभवाला सोडून होईल. क्षेमेंद्राने ज्या औचित्याला काव्याचे जीवित म्हटले, त्याची कसोटी येथे लावावी लागते. पात्रांतर सफल झाले की नाही, हे भाव जुळण्यावरून ठरत नाही. तो भाव ज्या परिस्थितीतून उद्भवला, तिच्याशी दुसऱ्या पात्राची परिस्थिती ताडून पाहावी लागते. पुढील दोन उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

सुभद्रा आणि शारदा

‘सौभद्र’ नाटकात बलराम सुभद्रेचा विवाह दुर्योधनाशी ठरवितो. तिचे मन अर्जुनावर आहे. आपल्या माणसांची विनवणी केली तरी कोणी ऐकत नाही, आता आश्रय कोणाचा शोधावा, या आशयाचे तिचे एक पद सखीला उद्देशून आहे. ते ऐकताना देवलांच्या ‘शारदा’ (१८९९) नाटकातील नायिका आठवणे अगदी स्वाभाविक आहे. शारदेचा विवाहही वडीलधाऱ्यांनी तिच्या इच्छेविरुद्ध ठरविला आहे. तिचा बाप कांचनभट पैशाच्या लोभाने तिला वृद्ध भुजंगनाथाला देण्यास निघाला आहे. तिलाही मन मोकळे करण्यासाठी सखी आहे. बाह्य साम्य जवळजवळ पूर्ण आहे.

तथापि सुभद्रेचे पद शारदेच्या मुखी कल्पिताच एक मोठा भेद जाणवतो. सुभद्रेच्या पाठीशी श्रीकृष्ण आहे. तो सर्व कारस्थान रचीत आहे, हे प्रेक्षकाला माहीत असते, तिला माहीत नसते. म्हणून तिची व्याकुळता ऐकताना प्रेक्षकाच्या ओठांवर किंचित स्मित असते. शारदेच्या पाठीशी असा कोणी सूत्रधार नाही. तोच प्रश्न, त्याच सुरांत, आता निरुत्तर राहतो. सुभद्रेला हवा असलेला वर मिळत नाही हे तिचे दुःख. शारदेला प्रियकराचा विरह नाही, तिला भय आहे. पद एकच, पण पहिल्या ठिकाणी ते प्रणयनाट्यातील अडथळ्याचे गाणे होते, दुसऱ्या ठिकाणी ते एका मुलीच्या विक्रीविरुद्धची फिर्याद बनते.

याचा परिणाम दोन्ही नाटकांच्या वाचनावर होतो. शारदेची सुटका अखेर कशाने होते? तिच्या नकाराने नव्हे. कोदंड वधूवरांचे गोत्र एकच असल्याचे उघडकीस आणतो आणि शास्त्राच्या आधारे विवाह मोडतो. गोत्रे भिन्न असती तर काय, हा प्रश्न ‘शारदे’चा वाचक एरवी क्वचितच विचारतो, सुभद्रेचे पद तिच्या मुखी ठेवून पाहणाऱ्याला तो टाळता येत नाही. आणि उलट बाजूने पाहता, शारदेच्या पदांतील भय मनात ठेवून ‘सौभद्र’ पुन्हा वाचले, तर बलरामाचा निर्णय हा केवळ विनोदी हट्ट वाटेनासा होतो. हे सफल पात्रांतर होय. त्याने साम्य दाखविले, पण अधिक प्रकाश भेदावर पाडला.

सिंधू आणि यमू

दुसरे उदाहरण विफल पात्रांतराचे आहे, आणि तेही तितकेच बोधप्रद आहे. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ (१९१९) नाटकातील सिंधू ही मद्यपी पतीची एकनिष्ठ पत्नी. तिची पदे गडकऱ्यांची नव्हेत; ती वि. सी. गुर्जरांनी रचली. म्हणजे एका लेखकाच्या पात्राला दुसऱ्याने दिलेला हा स्वर आहे. बालगंधर्वांच्या गायनाने ही पदे घरोघरी पोहोचली आणि सोशिक स्त्रीचे गाणे म्हणजे सिंधूचे गाणे, असे समीकरण झाले. मग हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरीतील यमूलाही ती पदे शोभतील, असे वाटणे सोपे आहे. यमूही सोसते, तिच्यावर वैधव्य येते, केशवपनाचा अत्याचार होतो.

परंतु पदे यमूच्या मुखी देताच ती यमू राहत नाही. सिंधू आपल्या दुःखाला पातिव्रत्याचा अर्थ देते; तिच्या पदांचे माधुर्य त्या अर्थातून आलेले आहे. यमू आपली कहाणी स्वतः सांगते, आणि तिच्या साध्या, घरगुती गद्यात जे घडले ते अन्यायाचे होते ही जाणीव सतत जागी असते. तिच्या दुःखाला सुरांचा विसावा दिला की कादंबरीच्या नावातील प्रश्नच मिटून जातो. श्रोता हेलावतो, डोळे पुसतो, आणि लक्षात घेण्याची जबाबदारी संपली असे समजतो. येथे भाव जुळतो, औचित्य जुळत नाही. गोड गाणे ज्या कथेने नाकारले आहे, त्या कथेवर ते लादणे म्हणजे पात्राचा आवाज काढून घेणेच होय. असे असले तरी या विफलतेतूनही लाभ झाला: यमूचे गद्य गद्यच का असले पाहिजे, हे या प्रयोगावाचून इतक्या स्पष्टपणे कळले नसते.

विरोधातून साधलेला अर्थ

पात्रांतराचा आणखी एक प्रकार आहे. त्यात विसंगती हेच साध्य असते. लंडन येथे १७२८ मध्ये रंगभूमीवर आलेल्या जॉन गे याच्या ‘द बेगर्स ऑपेरा’ या नाटकात ६९ गीते असून ती बहुतांशी लोकांच्या ओठांवरील चालींवर रचलेली आहेत. हँडेलच्या ‘रिनाल्डो’ (१७११) या ऑपेरातील धर्मयोद्ध्यांच्या कूचगीताची चाल गे याने वाटमाऱ्यांच्या टोळीला दिली. ज्याला मूळ कूच माहीत होती, त्या प्रेक्षकाला दरोडेखोरांत योद्धे दिसले, आणि लगेच योद्ध्यांत दरोडेखोरही दिसले असले पाहिजेत. याच कथेवरून ब्रेख्त व वाइल यांनी १९२८ मध्ये ‘थ्री पेनी ऑपेरा’ रचला आणि पु. ल. देशपांडे यांनी १९७८ मध्ये ‘तीन पैशाचा तमाशा’ मराठीत आणला. येथे औचित्यभंग हा दोष नसून युक्ती आहे. मात्र मूळ पात्राची आठवण श्रोत्याच्या मनात जिवंत असेल तरच ती लागू पडते.

उपसंहार

या अखेरच्या अटीतच प्रस्तुत विषयाचे महत्त्व आहे. नाट्यपद मैफलीत गेले तेव्हा त्याचा सांगीतिक विस्तार झाला, पण त्याचे पात्र मागे राहिले. भैरवीचे किंवा यमनाचे पद म्हणून ते ऐकले जाऊ लागले. ते कोण, कोणाला, कोणत्या संकटात म्हणत आहे, हा प्रश्न गळून पडला. पदाला दुसऱ्या कथेतील पात्राशी जोडू पाहणारा रसिक हा प्रश्न पुन्हा उभा करतो. तो पदाला त्याच्या पात्रापासून तोडतो असे वरवर वाटते. वस्तुतः गाण्यामागे कोणी बोलणारे माणूस आहे, हे तोच मान्य करीत असतो.

म्हणून नाट्यसंगीताच्या अभ्यासकाने अशा जोडण्या हसण्यावारी नेऊ नयेत. पण त्या तपासल्याशिवाय स्वीकारूही नयेत. पदाचा मूळ प्रसंग कोणता, संबोधन कोणाला, पदाच्या पाठीमागे नाटकाने कोणते आश्वासन उभे केले आहे, आणि ते आश्वासन नव्या पात्राला उपलब्ध आहे काय, एवढे चार प्रश्न विचारले तरी पुरे. ज्या जोडणीने दोन्ही कथा पूर्वीपेक्षा अधिक स्पष्ट दिसतात ती ग्राह्य. जिने एकीचे दुःख दुसरीच्या सुरांत विरघळून जाते ती त्याज्य. हंसपदिकेचे गीत ऐकून दुष्यंत व्याकुळ झाला, पण ते कोणाचे हे त्याने शोधले नाही. तो शोध घेणे हे श्रोत्याचे काम कालिदासाने श्रोत्यावरच सोपविले आहे.