शेवटचा पेशंट

दिल्लीतलं एक सरकारी हॉस्पिटल. जुलै २०२०.

सकाळी ७.००
रेडिएशनचं मशीन, लिनॅक, तळघरात. टेक्निशियन आधी एसी लावतो, मग लिनॅक चालू करतो. भिंतीवरचे लेसर टेबलावर नीट जुळतात का, ते बघतो. फिजिसिस्ट मॅडम किरणांची मात्रा मोजून सही करतात. टेक्निशियन कंत्राटी, महिना २४,००० रुपये. एन-९५ मोजून मिळतात, म्हणून घरी दोरीवर वाळवून आलटून पालटून वापरतो.

८.३०
कॅन्सरचे पेशंट सुरू. जाळीचा मास्क चेहऱ्यावर बसवायचा, खटके लावायचे, रेषा जुळवायच्या, बाहेर येऊन जाड दार लावायचं, बटण दाबायचं. घशाच्या पेशंटला रोज २ ग्रे मात्रा, सात आठवडे. अडीचपर्यंत डबा उघडायलाही सवड नाही.

४.३०
करोनावाला पेशंट मुद्दाम शेवटी. पीपीई चढतो, मनगटावर टेप. पाच मिनिटांत चष्म्यावर वाफ.

५.१०
वॉर्डबॉय ट्रॉली ढकलत रॅम्प उतरतो. ऑक्सिजनचा सिलिंडर पेशंटच्या पायांत आडवा. ट्रॉलीचं पुढचं चाक अडतं, तो लाथेनं सरळ करतो.

५.२५
खरी मेहनत इथे. दिवसभर उशांना टेकून बसलेल्या माणसाला सपाट झोपवायचं. बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९२, मग ८९, मग ८७. "बाऊजी, बस दो मिनट. हिलना नहीं." बाऊजी मान हलवतात, म्हणजे हललेच. पुन्हा रेषा जुळवा.

५.३८
पुढून किरण काही सेकंद. यंत्राचा हात फिरून खाली जातो, मागून काही सेकंद. दोन्ही बाजूंनी मिळून फुप्फुसांना ०.७ ग्रे, एकदाच. विषाणू यानं मरत नाही; फुप्फुसातला दाह उतरावा एवढीच आशा. ॲन्टिबायोटिक्स हाताशी येण्याआधी न्यूमोनियाला क्ष-किरण देत, त्यातलीच ही जुनी कल्पना. त्याच सुमारास एम्सनं १० जणांना हीच मात्रा दिली. ९ बरे झाले, पण ताडून बघायला दुसरा गट नव्हता. स्वित्झर्लंडमध्ये व्हेंटिलेटरवरच्या पेशंटांचे दोन गट करून पाहिलं, फरक दिसला नाही. आणि डेक्सामेथासोन, काही रुपयांची गोळी, जूनमध्येच ब्रिटनच्या मोठ्या चाचणीत खरी उतरली होती. मला विचाराल तर या तळघराचा निकाल तिथेच निम्मा लागला होता.

६.००
पेशंट वर गेला. आता टेबल, दाराची मूठ, लेसरखालची फरशी, सगळं हायपोक्लोराइटनं पुसायचं. वास घशात बसतो. वॉर्डबॉयला रोजाचे ४००, त्यात हे पुसणंही आलं.

७.२०
पीपीई ठरल्या क्रमानं उतरवायचा, प्रत्येक टप्प्याला हात धुवायचे. बनियन पिळून निघतं. मेट्रो मार्चपासून बंद. वॉर्डबॉय टेक्निशियनच्या स्कूटरवर मागे बसतो. पेट्रोल ८० रुपयांच्या वर. आजचे पन्नास कोणी द्यायचे, यावर गेटपर्यंत वाद चालतो.