हस्तरचा जुना पत्ता

'तुंबाड' पाहिलाय ना? मग हस्तर कोण, हे तुम्हाला सांगायला नको. या सिनेमाची मूळ कल्पना नारायण धारप यांच्या भयकथेवरून सुचली, असं दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलंय. पण हस्तरशी मिळतंजुळतं 'हस्तूर' हे नाव इंग्रजी भयकथांमध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून फिरत होतं. अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकानं ते १९व्या शतकात वापरलं. पुढे ऑगस्ट १९३१मध्ये एच. पी. लव्हक्राफ्टच्या एका कथेत ते पुन्हा डोकावलं. ती कथा छापणारं मासिक होतं 'विअर्ड टेल्स'. आज त्याचीच गोष्ट.

मार्च १९२३. शिकागोत पहिला अंक निघाला, किंमत २५ सेंट. लाकडाच्या लगद्याचा, म्हणजे 'पल्प'चा, स्वस्त खरखरीत कागद. अशा मासिकांची तेव्हा अमेरिकेत चलती होती. गुप्तहेर, काउबॉय, प्रेमकथा, सगळ्यांची मासिकं होती. भुताखेतांच्या, चमत्कारिक कथा मात्र 'आमच्यात बसत नाहीत' म्हणून साभार परत यायच्या. मालक जे. सी. हेनेबर्गर यांनी त्यांच्यासाठीच हे दुकान थाटलं. पण गिऱ्हाईकं काही येईनात. वर्षभरातच कर्जाचा डोंगर! मग १९२४मध्ये जादूगार हुदिनीच्या नावावर पिरॅमिडखालची एक थरारक कथा छापली. ती प्रत्यक्षात लिहिली होती कोणी? लव्हक्राफ्टनंच.

त्याच वर्षी फार्न्सवर्थ राइट संपादक झाले आणि मासिकाचा सुवर्णकाळ सुरू झाला. माणूस चोखंदळ, पण जरा लहरी. लव्हक्राफ्टची 'द कॉल ऑफ क्थुल्हू' ही आज जगभर गाजलेली कथा त्यांनी आधी चक्क नाकारली. नंतर मन बदललं आणि फेब्रुवारी १९२८मध्ये ती छापली. डिसेंबर १९३२च्या अंकात रॉबर्ट ई. हॉवर्डचा कोनान अवतरला. हो, तोच, अर्नोल्डनं पडद्यावर गाजवलेला!

आता तुमच्या वयाची मंडळी बघा. टेनेसी विल्यम्स, पुढे अमेरिकेचा मोठा नाटककार. त्याची कथा इथे १९२८मध्ये छापून आली, तेव्हा तो अवघा १७ वर्षांचा होता. रॉबर्ट ब्लॉकनंही १७व्या वर्षीच इथे पहिली कथा विकली. पुढे त्यानं 'सायको' लिहिली आणि हिचकॉकनं त्यावर सिनेमा काढला. २२ वर्षांची कॅथरीन मूर नोकरी करून लिहायची. ऑफिसात कळू नये म्हणून नाव द्यायची नुसतं सी. एल. मूर. अंकांची गाजलेली, तेव्हा जरा धीट वाटणारी मुखपृष्ठं काढणारी 'एम. ब्रंडेज' ही बाई आहे, हेही वाचकांना बराच काळ माहीत नव्हतं.

हे सगळं छान, पण पैशांचं काय? तिथे कायम बोंब. मानधन शब्दामागे जेमतेम सेंटभर, तेही उशिरा. १९३६मध्ये हॉवर्डनं वयाच्या ३०व्या वर्षी आयुष्य संपवलं, तेव्हा मासिकाकडे त्याची मोठी रक्कम थकली होती. पुढच्या वर्षी लव्हक्राफ्ट गेला, ४६व्या वर्षी, गरिबीतच. त्याच्या लेखनातला वर्णद्वेष आज खटकतो आणि त्यावर बोललं जातं, ते योग्यच. पण हयातीत त्याचा एकही कथासंग्रह निघाला नव्हता, हेही खरं. तो काढण्यासाठी त्याच्या दोन लेखक मित्रांनी १९३९मध्ये 'अर्कहॅम हाउस' ही प्रकाशनसंस्थाच काढली. तो टिकला तो मित्रांमुळे.

१९४०मध्ये डोरोथी मॅकइल्रेथ संपादक झाल्या. त्यांनी तरुण रे ब्रॅडबरीच्या कथा छापल्या. पण स्वस्त पेपरबॅक आणि टीव्हीपुढे पल्प मासिकांचा टिकाव लागेना. सप्टेंबर १९५४चा अंक शेवटचा ठरला. नंतर कितीदा तरी हे नाव पुन्हा सुरू झालं, पण तो जुना दबदबा काही परतला नाही.

मासिकाला ३१ वर्षांत फायदा असा फारसा झालाच नाही. तरीही आजच्या कितीतरी हॉरर सिनेमांची आणि गेम्सची मुळं त्या खरखरीत पानांत सापडतात. तुमच्याही वहीत एखादी विचित्र, 'कुठेच न बसणारी' कथा पडून असेल, तर ती फाडू नका. पुन्हा एकदा पाठवून बघा. क्थुल्हूही पहिल्या फेरीत नापासच झाला होता!