टीशर्टवरची बंदूक आणि समोरून येणारा अनोळखी माणूस



पीएच.डी. प्रवेशाच्या मुलाखतीत "तुमचा संशोधन प्रश्न काय?" असं विचारलं की बरेच जण विषय सांगतात. "तरुणाई आणि मोबाईल" हा विषय झाला, प्रश्न नाही. विषयाचा प्रश्न कसा होतो हे एका उदाहरणावर बघू. उदाहरण अमेरिकेतलं आहे आणि ते मी मुद्दाम निवडलंय. बंदुकीचं चित्र किंवा बंदुकीबद्दलची घोषणा असलेले कपडे घालून कुणी दुकानात, बसमध्ये, बागेत गेलं, तर अनोळखी लोक कसे वागतात?

तिकडे असे कपडे काही दुर्मिळ नाहीत. एआर-१५ रायफलची काळी आकृती छापलेले टीशर्ट, बंदूक कंपन्यांच्या टोप्या, "या आणि घेऊन दाखवा" अशा अर्थाच्या घोषणा. आता समजा, असा शर्ट रोज घालणारा एक गृहस्थ तुम्हाला म्हणाला, "दहा वर्षं घालतोय, कुणी काही बोललं नाही. उलट दोघातिघांनी शर्ट छान आहे म्हणून सांगितलं." आणि एक बाई म्हणाल्या, "असा माणूस दिसला की मी मुलांचा हात धरून दुसऱ्या रांगेत जाते." यात खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. रांग बदलणारी बाई त्या गृहस्थाला जाऊन थोडंच सांगणार आहे! ज्यांना शर्ट आवडला ते बोलले, ज्यांना भीती वाटली ते गप्प राहून बाजूला झाले. गृहस्थाकडे आलेला नमुना आधीच गाळून आलेला आहे. आणि ज्याला लोक घाबरतात, त्याच्यापर्यंत ती भीती पोचण्याची शक्यता सगळ्यात कमी असते. म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो. "कुणी काही बोललं नाही" यावरून लोकांना काही वाटलं नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

मग करायचं काय? "प्रतिक्रिया" हा शब्द फोडायचा. त्यात निदान तीन गोष्टी एकात एक गुंतलेल्या आहेत: समोरच्याला शर्ट दिसला का, त्याचा त्याने काय अर्थ लावला, आणि त्याने केलं काय.

आधी दिसण्याचं बघू. कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असेल. विद्यार्थ्यांना गायक बॅरी मॅनिलो याचं चित्र असलेला टीशर्ट घालायला दिला (तरुण मुलांमध्ये असा शर्ट घालणं म्हणजे लाजच) आणि इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं, जवळपास निम्म्या लोकांनी चित्र ओळखलं असणार. प्रत्यक्षात ओळखलं साधारण चौथ्या हिश्श्याने. म्हणजे आपल्याकडे लोक बघतात याचा आपला अंदाज फुगलेला असतो.

पण बंदुकीचं काय? तिच्याकडे नजर जास्त जात असेल ना? १९८७ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी बघणाऱ्यांच्या डोळ्यांची हालचाल मोजली. गिऱ्हाइकाच्या हातात चेक असण्यापेक्षा बंदूक असली, तर नजर त्या वस्तूवर जास्त वेळ खिळली. झालं, भीतीमुळे नजर खिळते, असं म्हणून आपण वही मिटणार, तेवढ्यात १९९८ साली केरी पिकेल यांचा प्रयोग येतो. त्यांच्या चित्रफितीत एक माणूस केशकर्तनालयात येतो. कधी त्याच्या हातात कात्री, कधी बंदूक, कधी पैशाचं पाकीट, तर कधी चक्क कच्ची कोंबडी! कात्री इजा करू शकते, पण तिथे ती असणारच. कोंबडी निरुपद्रवी, पण तिथे तिचं काय काम? बघणाऱ्यांच्या आठवणीत त्या माणसाचं वर्णन कच्चं राहिलं ते वस्तू धोकादायक असल्यामुळे नव्हे, तर ती त्या जागी विचित्र वाटल्यामुळे. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण "धोका" आणि "विचित्रपणा" ही एकमेकांना चिकटलेली कारणं त्यात वेगळी केली आहेत. आपल्या विषयाला तो थेट लागू पडतो. टेक्सासमधल्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात बंदुकीचा टीशर्ट विचित्र नाही, बालरुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात आहे. लंडनच्या हिथ्रो विमानतळावर २००८ मध्ये एका प्रवाशाला टीशर्ट बदलायला लावला होता. शर्टवर बंदूक होती खरी, पण ती धरली होती ट्रान्सफॉर्मर्समधल्या कार्टून यंत्रमानवाने. जागा बदलली की तेच चित्र वेगळं दिसतं.

आता अर्थ. "या आणि घेऊन दाखवा" ही घोषणा टेक्सासमध्ये फक्त बंदूकप्रेमींची नाही. १८३५ साली गोन्झालेस गावच्या लोकांनी मेक्सिकन सैन्याला तोफ परत द्यायचं नाकारलं, तेव्हाच्या झेंड्यावर तोफेचं चित्र आणि हेच शब्द होते. तिथल्या माणसाला तो शाळेतला इतिहास वाटू शकतो, बाहेरच्याला धमकी.

ब्रूस बार्थोलो आणि सहकाऱ्यांचा २००५ चा अभ्यास हेच प्रयोगशाळेत दाखवतो. त्यांनी शिकारी आणि शिकार न करणारे असे दोन गट घेतले. शिकारीच्या बंदुकीचं चित्र बघून शिकार न करणाऱ्यांच्या मनात आक्रमक विचार जास्त आले, शिकाऱ्यांच्या मनात कमी. माणसांवर चालवण्यासाठी बनवलेल्या बंदुकीचं चित्र दाखवलं तेव्हा चित्र उलटं झालं, शिकाऱ्यांना तो फरक चांगलाच कळत होता. तेव्हा तुमच्या प्रस्तावात "बंदुकीचा टीशर्ट" एवढंच लिहिलं असेल तर परीक्षक विचारणारच: कुठली बंदूक?

अर्थाचं भांडण कोर्टातही गेलंय. २००२ साली व्हर्जिनियातल्या अल्बेमार्ल काउंटीत बारा वर्षांचा एक मुलगा राष्ट्रीय रायफल संघटनेच्या नेमबाजी शिबिराचा टीशर्ट घालून शाळेत आला. त्यावर बंदूक धरलेल्या तीन माणसांच्या काळ्या आकृत्या होत्या. कोलंबाइन शाळेतल्या हत्याकांडाला तेव्हा तीनच वर्षं झाली होती. शाळेने त्याला शर्ट उलटा करून घालायला लावला आणि पुढे शस्त्रांशी संबंधित संदेश असलेल्या कपड्यांवर बंदी घातली. २००३ मध्ये अपील न्यायालयाने मुलाच्या बाजूने निकाल दिला. त्या शर्टमुळे शाळेत गडबड झाल्याचा पुरावा नव्हता. शिवाय न्यायालयाने दाखवून दिलं की शाळेचा नियम शब्दशः पाळला तर व्हर्जिनिया राज्याची मुद्रासुद्धा चालणार नाही, कारण तिच्यावर भाला घेतलेली स्त्री आहे. विद्यापीठाच्या चिन्हातल्या दोन तलवारीही जातील. न्यायाधीशांनी केलं ते आपण संशोधनात व्याख्या तपासताना करतो: नको ते तिच्यात येतंय का?

तिसरी पायरी कृतीची, आणि सगळ्यात अवघड. १९६७ चा लेनर्ड बर्कोविट्झ आणि अँथनी लपेज यांचा प्रयोग पाठ्यपुस्तकात असतोच. शंभर पुरुष विद्यार्थी, त्यांना आधी दुसऱ्याकडून विजेचे हलके झटके, मग परतफेडीची संधी. ज्यांना जास्त झटके मिळून राग आला होता, त्यांनी टेबलावर बंदुका असताना सरासरी सहाच्या आसपास झटके परत दिले, टेबल रिकामं असताना पाचपेक्षा कमी. पण नंतर शंका आल्या: सहभागींनी प्रयोगाचा हेतू ओळखला नसेल कशावरून?

म्हणून रस्त्यावर जायला हवं. चार्ल्स टर्नर आणि सहकारी गेले. १९७५ च्या त्यांच्या लेखात सॉल्ट लेक सिटीतला एक पिकअप ट्रक हिरवा सिग्नल पडला तरी मुद्दाम हलत नाही. मागच्या काचेत कधी रायफल, कधी नाही. मागे चिकटवलेल्या पट्टीवर कधी "सूड", कधी "मित्र". मोजायचं काय, तर मागचा चालक हॉर्न वाजवतो का. रायफल आणि "सूड" एकत्र आले तेव्हा हॉर्न वाढले. तुम्हाआम्हाला वाटेल, बंदूकवाल्याला कोण हॉर्न मारेल? तिथेच मेख आहे. पुढच्या फेरीत सगळे चालक एकसारखे वागले नाहीत. नव्या गाड्या चालवणाऱ्या पुरुषांचे हॉर्न वाढले, इतरांचा कल दबून राहण्याकडे दिसला. दोन गटांची सरासरी काढली असती तर कदाचित "काहीच फरक नाही" असं उत्तर आलं असतं.

२०१८ मध्ये आर्लिन बेंजामिन आणि सहकाऱ्यांनी ७८ स्वतंत्र अभ्यास एकत्र करून तपासले. शस्त्र दिसल्यावर आक्रमक विचार वाढतात याला आधार बरा आहे. प्रत्यक्ष वागणूक बदलते याचा आधार मात्र तेवढा भक्कम नाही, कारण अपेक्षित निकाल न आलेले अभ्यास छापलेच जात नाहीत.

हे सगळं वाचून एक जण नक्की म्हणेल, "सोपं आहे, एक जण बंदुकीचा शर्ट घालेल, एक जण साधा, आणि लोक मोजू." थांबा. साधा शर्ट ही नियंत्रण स्थिती चालेल का? मग चित्रामुळे फरक पडला की बंदुकीच्या चित्रामुळे, हे कसं कळणार? बर्कोविट्झ यांनी एका गटाच्या टेबलावर बॅडमिंटनच्या रॅकेट ठेवल्या होत्या त्या याचसाठी. मासेमारीच्या गळाचं चित्र असलेला शर्ट घेतलात तर "बाहेरचे छंद" हा भाग समान होतो आणि बंदूक तेवढी उरते. भगव्याकडे झुकणारा नारिंगी शर्ट घेतलात तर तिसराच प्रश्न तयार होतो. अमेरिकेत बंदूक हिंसाचाराविरुद्धच्या मोहिमेत नारिंगी कपडे घालतात, कारण शिकारी आपल्याला चुकून गोळी लागू नये म्हणून जंगलात तोच रंग घालतात. इकडे तोच नारिंगी शर्ट कुणाला कशाची आठवण करून देईल हे मी सांगायला नको.

मोजायचं काय, यात माझं मत स्पष्ट आहे. "तुम्हाला भीती वाटली का?" असं विचारू नका, वागणं मोजा. १९७१ मध्ये टिम एम्सविलर आणि सहकाऱ्यांनी हिप्पी किंवा नीटनेटक्या वेशातल्या मुलामुलींना फोनसाठी दहा सेंटचं नाणं मागायला लावलं. आपल्यासारखा वेश असलेल्याला लोकांनी जास्त वेळा मदत केली. नाणं दिलं की नाही, याला चाचरत दिलेलं उत्तर नसतं. बसमध्ये शेजारची जागा किती थांब्यांपर्यंत रिकामी राहिली, पत्ता विचारल्यावर माणूस थांबला का, हीही तशीच मोजमापं.

राहिला शर्ट घालणारा. जोशुआ कोरेल यांच्या २००२ च्या संगणकीय खेळाच्या प्रयोगात निःशस्त्र कृष्णवर्णीय माणसावर चुकून गोळी झाडण्याचं प्रमाण निःशस्त्र गोऱ्या माणसापेक्षा जास्त निघालं. मग बंदुकीचा शर्ट घालून रस्त्यावर उभं राहण्याची जोखीम सगळ्या सहाय्यकांना सारखी नाही. नीतिमत्ता समितीच्या अर्जात आपण ये-जा करणाऱ्यांच्या त्रासाबद्दल दोन पानं लिहितो आणि स्वतःच्या सहाय्यकाबद्दल दोन ओळी. इथे त्याला कधी थांबायचं, कुणाला फोन करायचा, पोलिसांना आधी कळवायचं का, हे सगळं लिहावं लागेल.

आणि सहाय्यक एकच ठेवलात तर पाचशे लोक मोजूनही उपयोग नाही. तुम्ही शर्टचा परिणाम मोजला की त्या एका मुलाच्या उंचीचा, दाढीचा, चालण्याचा, हे तक्त्यातून वेगळं काढता येणार नाही. निदान दहाबारा वेगवेगळी माणसं हवीत, प्रत्येकाने सगळे शर्ट आळीपाळीने घालायचे, आणि लांबून नोंद करणाऱ्याला आज कुठला शर्ट आहे ते शक्यतो दिसता कामा नये. हे शेवटचं कसं जमवायचं? पाठीवर काहीच न छापलेले शर्ट घ्या आणि नोंद करणाऱ्याला मागे उभं करा.