पाहुणीनं कचरा कुठं टाकावा?



विषय कळल्यावर काही जण पान उलटतील. मुलांनो, थांबा, शेवटी तुमच्यासाठीही आहे. आणि हो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या!

शाळेत आम्हाला मॅनर्स भरपूर शिकवले. काटा डाव्या हातात, सुरी उजव्या. पण दुसऱ्याच्या घरी असताना पाळी आली तर वापरलेलं पॅड कुठं टाकायचं, हे कुणीच शिकवलं नाही. ते मी इथं आष्ट्यात शिकले, तेही चूक करून.

गेल्या वर्षी चौंडेश्वरीची भावई बघायला वर्गातल्या मैत्रिणीनं मला हॉस्टेलवरून तिच्या घरी नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच पाळी आली, चार दिवस आधी! घरात देवीचं वातावरण, आजी सोवळं पाळणाऱ्या. सांगितलं तर मला बाजूला बसवतील आणि भावई चुकेल, अशी भीती वाटली. बाथरूममध्ये डबा नव्हता. दिवसभरात दोन पॅड्स संडासात टाकले, वरून बादलीभर पाणी ओतलं आणि वाटलं, सुटले!

संध्याकाळी पाणी वर आलं. घर पाहुण्यांनी भरलेलं आणि संडास एकच. काकांनी एका माणसाला बोलावलं. त्यानं परसातलं चेंबर उघडलं, आधी बांबूची कामटी घालून बघितली आणि मग सरळ हात घातला. हातमोजे वगैरे काही नाही. जे निघालं ते त्यानं कुणाकडे न बघता कागदात गुंडाळलं. मी खिडकीतून बघत होते. माझ्या पप्पांच्या वयाचा असेल तो.

रात्री काकूंनी मला हळूच स्वयंपाकघरात बोलावलं. "आगं, सांगायचं की मला. आम्ही काय बायका न्हाई व्हय?" एवढंच बोलल्या. जुना पेपर हातात दिला आणि न्हाणीमागचा झाकणाचा डबा दाखवला. आजी म्हणाल्या, "देवघरात तेवढी जाऊ नगं, बाकी हिंड कुठंबी." म्हणजे ज्या भीतीनं मी हे सगळं केलं, ती निम्मी माझ्याच डोक्यात होती. भावई बघितली, पण तो चेंबरमधला हात काही डोळ्यांसमोरून जाईना.

आता थोडं इंजिनिअरिंग. पॅडमध्ये वर मऊ थर, मध्ये कागदाच्या लगद्यासारखा कापूस आणि सुपर ॲब्सॉर्बंट पॉलिमर, खाली प्लॅस्टिकचा थर. हा पॉलिमर साध्या पाण्यात स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी शोषून फुगतो. संडासाखाली दुर्गंधी अडवणारा वाकडा ट्रॅप असतो. पुढचा पाइप साधारण चार इंची. फुगलेलं पॅड त्या वळणात किंवा चेंबरच्या तोंडाशी अडकतं. आणि समजा, सेप्टिक टाकीपर्यंत पोचलंच, तरी तिथले बॅक्टेरिया मैला कुजवतात, प्लॅस्टिक नाही. ते तसंच साठत राहतं आणि टाकी लवकर भरते. मग परत कुणाला तरी बोलवावं लागतं. खरं तर २०१३ च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टाकी माणसाकडून साफ करून घ्यायला बंदी आहे. पण घरोघरची चेंबरं कशी निघतात, ते आपण सगळेच बघतो.

मग बंबात जाळावं का? नको. दवाखान्यातला कचरा जाळायच्या भट्टीला २०१६ च्या नियमांनी पहिल्या कक्षात किमान ८०० अंश सेल्सिअस तापमान ठरवून दिलं. बंबात तेवढी धग टिकत नाही, ओलं प्लॅस्टिक नुसतं धुमसतं आणि तो धूर घरातल्यांच्या नाकात जातो. उसाच्या रानात किंवा ओढ्यात फेकलं तर कुत्री फाडून रस्त्यावर आणतात.

राहिला डबा. पण नुसतं टाकून भागत नाही, कारण डब्याच्या पुढेही माणूसच असतो. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' नावाची सहकारी संस्था आहे. हाताने कचरा निवडताना उघडी पॅड्स हाताळावी लागतात म्हणून या बायकांनी २०१३ मध्ये वापरलेली पॅड्स पोत्यात भरून थेट ती बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवली! पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांत आलं, की कंपन्यांनी पॅडसोबत गुंडाळायला पिशवी द्यावी आणि वापरणाऱ्यांनी नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकावं. कागदावर लाल ठिपका काढायची युक्तीही काही शहरांत वापरली गेली. ठिपका दिसला की कामगार पुडी उघडत नाही.

तर पाहुणी म्हणून जाताना:

१. बॅगेत जुना पेपर आणि दोन काळ्या पिशव्या ठेवा.

२. पॅड घट्ट गुंडाळा, वर पेपर, पेपरवर लाल ठिपका.

३. घरातल्या बाईला एकटीला गाठून विचारा, "काकू, कचऱ्याचा डबा कुठंय?" एवढ्यावरून त्यांना सगळं कळतं.

४. डबा नसेलच तर पुडी पिशवीत गाठ मारून त्याच दिवशी बाहेर कचऱ्याच्या डब्यात किंवा घंटागाडीत टाका. खिडकीत, कपाटामागे कधीच नको.

५. बाथरूममधून निघताना जाळीवरचे केस उचला, फरशीवर पाणी मारा, बादली भरून ठेवा.

आता मुलांनो, तुमचा नंबर! मित्राकडे दाढी केल्यावर ब्लेड खिडकीत ठेवता ना? किंवा तसंच डब्यात टाकता? घंटागाडीवरच्या मावशींची बोटं त्यानंच कापतात. जाड कागदात गुंडाळा, वर चिकटपट्टी लावा. शाम्पूची रिकामी पाकिटं मोरीत सोडू नका, जाळी तुंबते.

माझी लाज मी पाण्यात सोडली आणि ती एका अनोळखी माणसाच्या हातात गेली. त्याला त्या दिवशी सॉरीसुद्धा म्हणता आलं नाही. काकूंना विचारायला दोन शब्द लागले असते. तुम्ही तेवढे विचारा.